विलायचीच्या डोंगरात जाताना

गेल्या अंकात मी केरळातल्या इडुक्की जिल्ह्यातल्या वेलदोड्याच्या डोंगराबद्दल दोन पानं लिहिली. संपादकांनी खाली हळूच एक ओळ टाकली, 'वाचकांनी प्रश्न पाठवावेत.' पत्रांचा गठ्ठा दुकानाच्या गल्ल्यावर येऊन पडला. माझी पंचाईत अशी की मी प्रवास कंपनीवाला नाही. लातूरच्या गंजगोलाईत आमचं मसाल्याचं दुकान. आधी वडील बसायचे, आता मी बसतो, दुपारी सून बसते. १९९४ पासून दोन-तीन वर्षांतून एकदा माल बघायला तिकडे जातो, एवढाच माझा अधिकार. म्हणून उत्तरंही दुकानदाराच्या नजरेची आहेत. देखावे कुठे छान, फोटो कुठे काढावेत, हे कृपया दुसऱ्या कुणाला विचारा.

उदगीरहून एक शिक्षक दाम्पत्य विचारतं : आम्ही दोघंही यंदा निवृत्त झालो. मिरी आणि वेलदोडा, दोन्ही झाडावर बघायचे आहेत. दिवाळीत जावं की मे महिन्यात?

गुरुजी, मे विसरा. मे महिन्यात खोली महाग मिळेल आणि झाडावर नुसतं फूल दिसेल. फूल बघण्यासारखं आहे, नाही असं नाही. पांढरं, नखाएवढं, आत जांभळ्या रेघा. पण फुलासाठी एवढ्या लांब कोण जातं?

वेलदोड्याची तोडणी साधारण ऑगस्टपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. दिवाळीत ती जोरात असते, पण त्याच सुमारास तिकडे परतीचा पाऊस असतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनला आभाळ भरून येतं आणि तुम्ही हॉटेलच्या ओट्यावर चहा पीत बसता. माझं मत विचाराल तर नाताळची गर्दी ओसरली की जानेवारीत निघा. वेलदोड्याच्या शेवटच्या तोडण्या चालू असतात आणि मिरीची काढणी नुकती लागलेली असते. थंडी आपल्या इकडच्यापेक्षा ओलसर असते, बाईंना शाल घ्यायला सांगा.

मिरीचा वेल पांगाऱ्यावर नाहीतर सिल्व्हर ओकवर चढवलेला असतो. घोसातला एखाद-दुसरा दाणा लाल झाला की घोस तोडायला आला. गडी एकाच बांबूच्या शिडीवर चढतो, म्हणजे दोन बाजू आणि मध्ये पायऱ्या असली शिडी नव्हे, एकच बांबू आणि त्याला पाय ठेवायला खुंट्या. खाली उभं राहून बघताना आपल्याच पायाला मुंग्या येतात. तोडलेली हिरवी मिरी चटईवर पाच-सहा दिवस उन्हात पडली की काळी होते. तीन किलो ओलीची जेमतेम एक किलो. आणि बाई, तुम्ही वेगळ्या चिठ्ठीत विचारलंय ते, पांढऱ्या मिरीचा वेल वेगळा नसतो. त्याच वेलीची पिकलेली मिरी पाण्यात भिजत ठेवून साल काढली की ती पांढरी.

जायचं कसं, तर मनमाडहून मंगला एक्सप्रेस पकडून शेवटपर्यंत, म्हणजे एर्नाकुलमला उतरा. इडुक्की जिल्ह्यात रेल्वे नाहीच. पुढे डोंगरातल्या कुमिळी गावापर्यंत बसने चार-पाच तास. शेवटचे दोन तास नुसता वळणांचा घाट आहे. उलटीचा त्रास असेल तर पुढच्या सीटवर बसा, आल्याचा तुकडा दाढेखाली धरा आणि बसमध्ये चढण्याआधी पोटभर जेवू नका. हे तिसरं मी स्वतः दोनदा विसरलोय.

अंबाजोगाईजवळच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न : आमचं शेत बालाघाटाच्या डोंगरावर आहे. वेलदोडा डोंगरावर येतो, तर आमच्याकडे का येऊ नये? एक जण रोपं द्यायला तयार आहे.

दादा, इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर तेवढ्यावर सोडून द्या.

उंचीचंच म्हणाल तर आमचं लातूर गावसुद्धा सहाशे मीटरच्या वर आहे. वेलदोडाही सहाशेपासून बाराशे मीटरपर्यंत येतो. म्हणजे नुसत्या उंचीवर बघितलं तर मला गोलाईत दुकानामागे बाग लावता आली असती. पण त्याला पाऊस लागतो दीड हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तोही वर्षभर विभागून. आपल्याकडे सातशे-आठशे पडला तर आपण पेढे वाटतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं वेलदोडा लावायचा म्हणजे त्या झाडाचा छळ आहे. शिवाय त्याला डोक्यावर मोठ्या झाडांची सावली लागते, पायाखाली पालापाचोळ्याची भुसभुशीत माती लागते. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. बाराही महिने ओल धरणारं ते मूळ तिथं जगायचं कसं?

तरी बघायला जाच, कारण तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. पहिल्यांदा बायकोला घेऊन गेलो तेव्हा बागेत शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "अहो, हे तर हळदीचं पान हाय की!" खरंच तसंच दिसतं. हळद, आलं, वेलदोडा एकाच कुळातले. फरक एवढाच की हे झाड माणसाच्या डोक्यावरून जातं. आम्ही दोघं वर बघत राहिलो, वेलदोडे कुठं लटकलेत म्हणून. बागवाल्यानं हसून माझा हात धरून खाली बसवलं. बुडख्यातून निघालेल्या लांब काड्या जमिनीवर लोळत होत्या आणि त्यांना हिरवे वेलदोडे लागले होते, पार मातीला टेकून. इतकी वर्षं जो माल विकला तो झाडाला कुठे लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दुकानात कुणाला सांगितलं नाही तेव्हा.

तोडणाऱ्या बाया बहुतेक तमिळ. घाटाखालच्या तेनी जिल्ह्यातून रोज सकाळी जीप भरभरून येतात. कमरेला टोपली, ओलीत उकिडव्या बसतात आणि काडीवरचा तेवढाच तयार दाणा खुडतात, शेजारचा कोवळा तसाच ठेवतात. मग तीस-चाळीस दिवसांनी त्याच झाडाकडे परत. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल, आपल्या कापसाची पहिली वेचणी, दुसरी वेचणी असते ना, तसंच. मजुराचा वांधाही तोच. बागवाला अर्धा तास वेलदोड्यावर बोलला आणि एक तास बाया वेळेवर येत नाहीत यावर.

मग वाळवण्याची खोली बघा. आपली हळद कुकरात शिजते, मग उन्हात वाळते, मग ढोलात घासून चकाकते. यांचा वेलदोडा उन्हाला दाखवायचाच नाही, नाहीतर रंग उडतो. धुतलेला ओला माल जाळीच्या थरांवर पसरून पंचेचाळीस ते पंचावन्न अंशांच्या गरम हवेत अठरा-वीस तास ठेवतात. रात्री मध्येच उठून कुणीतरी हात घालून बघतं. गरम असतानाच घासून देठ आणि वाळलेल्या फुलाचे तुरे पाडतात, मग चाळण्यांवर आकार वेगळे करतात. पाच किलो ओल्याचा एक किलो वाळलेला. त्या खोलीचं दार उघडलं तेव्हा जो वास अंगावर आला, तो माझ्या स्वेटरला लातूरला येईपर्यंत होता.

एक सूचना. बागेत दाणा तोडून तोंडात टाकू नका. या पिकावर फवारणी फार असते.

बीडहून एक तरुण लिहितो : थेट तिकडून वेलदोडा आणून इथे किरकोळ विकला तर निम्म्यानं स्वस्त पडेल ना?

नाही पडणार. वेलदोड्याचा मोठा व्यवहार लिलावात होतो. एक केंद्र वंडनमेडूजवळ पुट्टडीला, मसाला मंडळाच्या स्पायसेस पार्कमध्ये, आणि दुसरं घाटाखाली तमिळनाडूत, बोडीनायकनूरला. बोली फक्त परवानाधारकांना लावता येते. तुमच्यासारख्या-माझ्यासारख्याला त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो, आणि ते लातूरच्या व्यापाऱ्यालाही देतात आणि बीडच्याही.

मला एका आडत्याच्या ओळखीनं एकदा आत बसायला मिळालं. आपल्याकडे हत्ता पद्धत होती, रुमालाखाली बोटं धरून सौदा, आठवतं का? वडिलांचा हात धरून मी ती बघितली आहे. तिथं प्रत्येक व्यापाऱ्यापुढे कॉम्प्युटर. लॉटचा नमुना हातात येतो, तो तळहातावर ओततो, एक फोडतो, वास घेतो आणि बाकीचे सरळ खाली टाकून देतो. काही वेळानं खोलीभर पायाखाली वेलदोडे. मी चप्पल जपून टाकत होतो. सवयच तशी, दुकानात एक दाणा खाली पडला तरी वाकून उचलतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पुट्टडीच्या लिलावात भाव किलोला सात हजार रुपयांवर गेला होता. आदल्या वर्षी पूर, त्यानंतर पावसाची ओढ, माल नाही. गोलाईत गिऱ्हाईक यायचं, "दहाची विलायची द्या" म्हणायचं आणि मी चार-पाच दाणे कागदात बांधले की माझ्याकडे असं बघायचं, जणू मीच चोरलेत. त्या वर्षी ज्यांनी भाव आणखी चढेल म्हणून माल भरून ठेवला, त्यातले माझ्या ओळखीतलेच दोघं पुढे भाव उतरल्यावर बुडाले. तुम्ही तरुण आहात, जरूर जा, आठ दिवस फक्त बघा. पैसे घरी ठेवून जा.

परभणीहून एक ताई विचारतात : तिकडे जाणारच आहोत तर वर्षाचा मसाला घेऊन यावा म्हणते. फसायला होऊ नये म्हणून काय बघावं?

ताई, मी मसाल्याचा दुकानदार असून फसलो, तर सगळं सांगतो.

कुमिळीच्या रस्त्यावर दुकानांची रांग आहे. नाव सांगत नाही, त्यातल्या एका चकचकीत दुकानात मी दुसऱ्या खेपेला घरच्यासाठी पाव किलो लवंग घेतली. वरून चांगली दिसत होती. घरी आल्यावर बायकोनं मूठभर पाटीवर पसरली आणि म्हणाली, "ह्यांना डोकीच नाहीत." अर्ध्या लवंगांचं फूल गळालेलं, आणि नखानं दाबलं तर तेलाचा थेंब नाही. तेल काढून घेतलेला माल होता. लवंग म्हणजे न उमललेली कळी, हे मी गिऱ्हाइकांना शिकवतो आणि मीच बघितलं नाही. का? गप्पा चालल्या होत्या, लेमनग्रासचा चहा फुकट होता. फुकट चहा देणाऱ्या दुकानात आधी चहा संपवा, मग माल बघा.

वेलदोडा हिरवा म्हणजे चांगला, एवढ्यावर जाऊ नका. हिरवेपणा चांगल्या वाळवणीनं येतो, तसा रंगानंही येतो. ओल्या पांढऱ्या रुमालात दोन दाणे चोळा, कापड हिरवं झालं तर परत ठेवा. मग एक फोडा. आतलं बी काळपट तपकिरी, बोटाला किंचित चिकट असावं. पांढुरकं बी म्हणजे कोवळा तोडलेला. व्यापारी आकारावर भाव करतात, आठ मिलिमीटरचा सगळ्यांत महाग, आणि त्याबरोबर लिटरच्या मापात माल किती ग्रॅम भरतो तेही बघतात. चांगला माल लिटरला चारशेच्या वर भरतो. टरफल फुगलेलं आणि आत बी कमी असेल तर माप भरतं, वजन भरत नाही. तुम्हाला खिरीत घालायचा आहे, दिवाणखान्यात मांडायचा नाही, तेव्हा सहा-सात मिलिमीटरचा जड माल घ्या, पैसे वाचतील.

दालचिनी घेताना कडेनं बघा. पातळ कागदासारखे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असतील तर खरी. जाड एकच साल वळलेली असेल तर ती तिची चुलत बहीण, तिखट जास्त, सुगंध कमी. आपल्याकडे बाजारात बहुतेक हीच येते, माझ्याही बरणीत हीच आहे, खोटं कशाला बोलू. भाजीच्या मसाल्याला ती चालते.

आणि जायफळ मात्र झाडावरच बघा. पिवळट फळ, लहान मोसंबीएवढं, मधोमध उकलतं. आत चकचकीत तपकिरी बी आणि त्याला लालभडक जाळी गुंडाळलेली. ती जाळी वाळली की जायपत्री, बी वाळवून फोडलं की आत जायफळ. दोन्ही एकाच फळातून निघतात हे ऐकून आमच्या सुनेनं मला दोनदा विचारलं, "बाबा, नक्की ना?"

कळंबहून प्रश्न : येसराचा, म्हणजे आमटीच्या भाजक्या पिठाचा, सगळा मसाला तिकडे एकाच ठिकाणी मिळेल का?

मिळेल सगळा, पिकत नाही सगळा. धने, जिरे राजस्थान-गुजरातचे. शहाजिरं वर हिमालयाकडचं. मसाल्याचा काळा वेलदोडा सिक्कीम आणि नेपाळचा, इडुक्कीत त्याची बाग शोधत फिरू नका. लवंग बरीचशी परदेशातून येते. दगडफूल तर मसाल्याचं झाडच नाही, दगडावर-खोडावर वाढणारं शेवाळासारखं काहीतरी आहे. तेव्हा तिकडून वेलदोडा, मिरी, जायफळ आणा आणि बाकी कळंबच्या आठवडी बाजारात घ्या.

जिंतूरहून एक आई : सोबत दोन लेकरं आहेत, आम्ही शाकाहारी. जेवणाचं काय? आणि जळवा असतात म्हणे?

कुमिळी तमिळनाडूच्या सीमेवरच आहे, त्यामुळे शाकाहारी इडली-डोसा-सांबार मुबलक. भात मात्र तिकडचा जाड, लालसर असतो, आणि भाजीला खोबरेल. लेकरं दुसऱ्या दिवशी तोंड वेंगाडतात. धपाटे तीन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी आठ दिवस. दोन्ही न्या. मी येसराची पुडी नेतो आणि हॉटेलवाल्याकडून गरम पाणी मागून घेतो, तो आता ओळखतो मला.

जळवा पावसाळ्यात आणि पाऊस होऊन गेल्यावर असतात. पायमोजे विजारीवर ओढून घ्या, त्यावर मीठ नाहीतर तंबाखूचं पाणी लावा. माझे मेहुणे सोबत होते तेव्हा त्यांच्या खिशातल्या पुडीचा आयुष्यात पहिल्यांदा घरच्यांना उपयोग झाला. चिकटलीच तर ओढून काढू नका, मीठ टाका, आपोआप सुटते. रक्त जरा वेळ वाहतं, लेकरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे रडारड नको.

कुमिळीजवळच्या थेक्कडीच्या तळ्यातली नावेची फेरी लेकरांना आवडेल. ते तळं म्हणजे १८९५ साली बांधून झालेल्या मुल्लपेरियार धरणाचं पाणी, आणि पाण्यातून उभी राहिलेली काळी वठलेली खोडं म्हणजे तेव्हा बुडालेलं जंगल. काठावर हत्ती दिसेल, वाघाची आशा धरू नका.

सेलूहून : तिकीट काढून दाखवतात ती मसाल्याची बाग बघण्यासारखी आहे का?

एकदा, तासभर. तिथं अर्ध्या एकरात वीस झाडं ओळीनं लावलेली असतात, शाळेच्या प्रदर्शनासारखी, आणि बाहेर पडायची वाट दुकानातून जाते. ओळख करून घ्यायला ठीक. पण शेती तशी नसते. जिथं उतरलात तिथल्या मालकाला सांगा, ओळखीच्या बागेत नेऊन आणा. तिकडे घरटी कुणाची तरी बाग असतेच.

वसमतहून एक वाचक : आमची हळद आहे. तिकडून वेलदोड्याचं एक रोप हौस म्हणून आणून कुंडीत लावू का?

आणू नका. वेलदोड्याला 'कट्टे' नावाचा रोग असतो, पानावर पिवळसर पट्टे पडतात, मावा किडीतून आणि रोपातून पसरतो, त्यावर औषध नाही. तुमची हळद त्याच्या कुळातली, कशाला विषाची परीक्षा?

मीही आणलं होतं, हा शहाणपणा यायच्या आधी. ओल्या गोणपाटात बांधून, रेल्वेत मांडीवर. बायकोनं न्हाणीजवळ सावलीत ठेवलं, दिवसातून तीनदा पाणी शिंपडायची, माठाखालचं गळतं पाणीसुद्धा त्यालाच. जानेवारीत दोन नवी पानं आली तेव्हा शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवली. मार्चमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस नळाला पाणी आलं नाही, आणि पुढे आठ दिवस आलं नाही. ती कुंडी अजून आहे. सध्या तिच्यात गवती चहा आहे.